तिचं कुणालाच खरं वाटत नाही: पुण्यातल्या फ्लॅटमध्ये पंधरा मिनिटांचा भयपट कसा करायचा

या जातीच्या भयपटात दोन गोष्टी एकाच वेळी चालू असतात. घरात काहीतरी फिरतंय आणि घरातली माणसं ते मान्य करत नाहीत. नवखी मंडळी पहिल्या गोष्टीवर महिनाभर खपतात आणि दुसरी शूटिंगच्या दिवशी नटांवर सोडून देतात. चित्रपट तिथेच पडतो. म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे: आधी अविश्वास, मग भूत, मग कॅमेरा.

मापं आणि आकडे हवेत राहू नयेत म्हणून एक कथा धरून चालू. सदाशिव पेठेतला वाडा पाडून तिथे पुनर्विकासात पाच मजली इमारत झाली आहे. खाली पार्किंग, वर फ्लॅट. वाड्यातल्या जुन्या बिऱ्हाडाला पहिल्या मजल्यावर दोन खोल्या-हॉल मिळाला. सून बाळंतीण आहे. तिला आई नाही, म्हणून बाळंतपण सासरीच झालं. आठव्या दिवसापासून तिला रात्री लाकडी फळ्यांवरून कुणी चालल्याचा आवाज येतो. फ्लॅटला सगळीकडे गुळगुळीत टाइल्स. वाड्यात इथे माडी होती, तिची जमीन नव्या स्लॅबपेक्षा दीड फूट उंच होती, आणि जी चालते ती अजून माडीवरूनच चालते. हे दीड फूट लक्षात ठेवा, पुढे सगळा खेळ त्यावर आहे.

अविश्वास लिहून काढा

घरातल्या प्रत्येक माणसाला अविश्वासाचं वेगळं कारण द्या. सगळे एकाच सुरात "वेड लागलंय तुला" म्हणायला लागले की प्रेक्षक त्यांना खलनायक समजतो आणि निवांत होतो. त्याला निवांत होऊ द्यायचं नाही. निम्म्या वेळेला त्याला घरच्यांचंच पटलं पाहिजे.

नवरा प्रेमापोटी मानत नाही: "अगं, किती रात्री जागतेयस तू, मी घेतो बाळाला, झोप जरा." नणंद तर्काने मानत नाही: "वहिनी, वरच्यांनी पलंग सरकवला असेल." सासऱ्यांना लोक काय म्हणतील याची काळजी. ते नुसतं एवढंच म्हणतात, "सोसायटीच्या ग्रुपवर काही लिहू नका." सासू मानते, पण चुकीच्या बाजूने. तिच्या मते सुनेला काहीतरी लागलंय आणि ते काढायला हवं. सुनेवर विश्वास ठेवणं आणि भुतावर विश्वास ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सासू दुसरी करते, पहिली करत नाही. चौघांत सगळ्यात भयंकर पात्र हेच होतं, आणि तेही आवाज न चढवता.

अशी वाक्यं मृदू ठेवा. पुण्यातल्या घरात अविश्वास ओरडून येत नाही. तो गरम दुधाचा पेला हातात देऊन येतो. संहितेत प्रत्येक पात्राचं असं एक मऊ वाक्य तीनदा येऊ द्या, शब्द तेच, प्रसंग वेगळा. "झोप जरा" हे पहिल्यांदा काळजी वाटतं, दुसऱ्यांदा टाळाटाळ, तिसऱ्यांदा हुकूम.

लांबीचा अंदाज: संहितेचं एक पान म्हणजे साधारण एक मिनिट हा हिशेब संवादांच्या चित्रपटाला चालतो. इथे "ती दाराकडे बघत राहते" ही एक ओळ चाळीस सेकंद खाते. त्यामुळे पंधरा मिनिटांसाठी नऊ-दहा पानांपुढे जाऊ नका. स्टॉपवॉच लावून, गप्प बसायच्या जागी खरंच गप्प बसून एकदा पूर्ण वाचन करा.

साक्षीचा तक्ता

एका मोठ्या कागदावर रकाने आखा: काय घडलं, कुणी पाहिलं, पुरावा काय उरला, तो कुणी कसा मोडीत काढला, आणि प्रेक्षकाला काय ठाऊक आहे. शेवटचा रकाना बहुतेक जण विसरतात.

पंधरा मिनिटांत सात घटना पुरतात. पहिल्या दोन पूर्णपणे समजावता येतील अशा: वरून पावलांचा आवाज, सकाळी सरकलेला पाळणा. तिसरीत स्पष्टीकरण थोडं कमी पडतं. वरचा फ्लॅट बंद असून त्याची किल्ली सोसायटीच्या कपाटात आहे, हे सहज बोलण्यात कळतं. चौथी फक्त प्रेक्षक पाहतो, ती पाठमोरी असते. पाचवी फक्त ती पाहते आणि कॅमेरा तिच्या चेहऱ्यावरून हलत नाही. या दोन घटनांचा क्रम बदलू नका. प्रेक्षकाने स्वतः काहीतरी पाहिल्यावरच तिचं न दिसलेलं तो खरं धरतो. उलट केलंत तर पाचव्या मिनिटालाच तो नवऱ्याच्या बाजूला जाऊन बसतो.

सहाव्या घटनेला आजच्या काळातला हमखास प्रश्न सोडवावा लागतो: मोबाइलवर चित्रण का नाही केलं? मोबाइल बंद पडला, चार्जिंग संपलं, ही उत्तरं ऐकून प्रेक्षक हसतो. तिला चित्रण करू द्या. सकाळी सगळे मिळून पाहतात तेव्हा त्यात पावलं नाहीत, आकृती नाही. फक्त ती स्वतः बाळाला घेऊन हॉलच्या मधोमध सव्वा तास उभी आहे. पुरावा तिच्यावरच उलटतो. इथून पुढे घरच्यांचं वागणं बदलायला लेखकाला काही करावं लागत नाही.

सातवी घटना म्हणजे कागद. ती रात्री ऐकलेल्या पावलांवरून बाळाच्या वहीत एक नकाशा काढत असते: इथे वळतात, इथे थांबतात, इथून खाली जातात. शेवटी पुनर्विकासाच्या फायलीत वाड्याचा जुना मोजणी-नकाशा निघतो आणि तिचा जिना त्याच्यावर बरोब्बर बसतो. आणखी एक बी पहिल्याच मिनिटात पेरून ठेवा: हॉलमधून जाताना सासू एका ठिकाणी सवयीने पाऊल उचलून टाकते. गुडघेदुखी वाटते. तिथे वाड्याचा उंबरा होता. तिला पहिल्यापासून ठाऊक होतं.

भुताला नियम हवेत

मराठीत भुतांची वर्गवारी एखाद्या सरकारी खात्याइतकी काटेकोर आहे, तिचा उपयोग करा. बाळंतपणात गेलेली ती अळवंतीण, विधवेचं भूत लावसट, सवाष्ण गेलेली जखीण, मुंजीनंतर लग्नाआधी गेलेला तो पिंपळावरचा मुंजा. आपल्या कथेत अळवंतीण बसते. पण हे नाव चित्रपटात कुणाच्याही तोंडी घालू नका. नाव घेतलं की प्रेक्षक आठवणीतलं चित्र लावतो आणि तुमचं पुसलं जातं.

नियम तीनच पुरेत: ती माडीच्या उंचीवरूनच चालते, बाळंतिणीच्या खोलीपासून जिन्यापर्यंतच जाते, आणि तिच्या हातात काचेची काकणं आहेत. पांढरी साडी, मोकळे केस, उलटी पावलं यांतलं काही वापरू नका. वापरलंत तर पुढचा शॉट प्रेक्षकच सांगेल. रोजच्या वापरातलं, धुऊन विटलेलं नऊवारी आणि घट्ट अंबाडा जास्त त्रास देतो, कारण ती कामाला निघालेली दिसते.

शनिवारवाड्यावर एखादं दृश्य घ्यायचा मोह प्रत्येकाला होतो. १७७३ साली नारायणरावांचा खून झाला त्या जागेची आरोळी पुण्यात शेंबड्या पोरालाही पाठ आहे, त्यामुळे भीती उरलेली नाही. शिवाय ते केंद्रीय संरक्षित स्मारक आहे, पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय तिथे चित्रीकरण करता येत नाही. सोडून द्या.

डॉक्टर आणि मांत्रिक

बाळंतपणानंतरचा मनोविकार ही खरी गोष्ट आहे. भास होणं, झोप उडणं, कुणीतरी बाळाला नेईल असं वाटणं, हे हजार बाळंतपणांत एक-दोघींना होतं, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत, आणि ती वैद्यकीय आणीबाणी असते. म्हणून तुमची डॉक्टर मूर्ख दाखवू नका. ती योग्य प्रश्न विचारते, योग्य शंका घेते, आणि याच कारणाने नायिकेची कोंडी होते. "नवऱ्याने फोन केला आणि गाडी येऊन घेऊन गेली" हे दृश्य आज लिहिलंत तर चुकीचं ठरेल. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे इच्छेविरुद्ध दाखल करायला रुग्णाच्या प्रतिनिधीचा अर्ज आणि दोन स्वतंत्र तपासण्या लागतात. त्यातली एक मानसोपचारतज्ज्ञाचीच. असं दाखल करणं जास्तीत जास्त ३० दिवसांसाठी. संहितेला हे अडचणीचं नाही, उलट कामाचं आहे. दुसऱ्या तपासणीच्या आधीची रात्र म्हणजे तयार उत्कर्षबिंदू.

मांत्रिकाचंही तसंच. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, बांधून ठेवणं, मिरचीची धुरी देणं हे सगळं गुन्हा आहे, शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. पुण्यातल्या शिकलेल्या घराला हे ठाऊक असतं. म्हणून सासू खिडक्या लावते, टीव्हीचा आवाज वाढवते आणि मग शेगडी आणते. त्या खिडक्या लावण्याला जेवढा वेळ द्याल तेवढी प्रत्यक्ष धुरी कमी दाखवावी लागेल.

हीच शेगडी दुसऱ्या प्रसंगात मायेने आलेली असली पाहिजे: ओवा-शेपाची धुरी, शेक, बाजूला डिंकाच्या लाडवांचा डबा. वस्तू तीच, हात तेच, फक्त निखाऱ्यावर पडणारी गोष्ट बदलते.

जागा, तारखा, वीज

खऱ्या वाड्यात शूटिंग करायचं असेल तर आधी जिना आणि कडीपाट तपासून घ्या. पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते, त्या यादीत वाडा असेल तर तिकडे फिरकू नका. बारा माणसं, दिवे आणि स्टँड माडीवर चढवणं म्हणजे भुताला बोलावणं नव्हे, अग्निशमन दलाला. आपल्या कथेला मात्र नवा फ्लॅट लागतो, ते बरं. फ्लॅटमालकाची लेखी संमती, सोसायटीच्या सचिवांचं पत्र (रात्रीच्या वेळा स्पष्ट लिहून), आणि रस्त्यावर काही घ्यायचं असेल तर महापालिका व पोलिसांची परवानगी, एवढं हाताशी ठेवा. वरच्या-खालच्या बिऱ्हाडांना एक दिवस आधी स्वतः जाऊन सांगा. मध्यरात्री किंकाळी ऐकून कुणी पोलिसांना फोन केला तर चूक तुमची.

तारखा ठरवताना पंचांग बघा, आणि ते मुहूर्तासाठी नाही. गणपतीच्या आधी महिना-दीड महिना नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो आणि पेठांमध्ये संध्याकाळचं ध्वनिमुद्रण अशक्य होतं. पावसाळ्यात पत्र्यांवरचा पाऊस प्रत्येक टेकला वेगळा. डिसेंबर-जानेवारी उत्तम: पंखे बंद ठेवता येतात, रात्र मोठी मिळते. संवाद रात्री अकरानंतर आणि दिवसाचे प्रसंग सकाळी दहा ते साडेअकरात उरका, म्हणजे कुकरच्या शिट्ट्यांच्या आत. चार रात्री आणि एक सकाळ, एवढ्यात हे काम होतं.

साध्या सॉकेटची क्षमता ६ अँपिअर, म्हणजे २३० व्होल्टला जेमतेम १३८० वॉट. तीनशे वॉटचे दोन एलईडी दिवे आणि मॉनिटर आरामात चालतात. त्याच बोर्डावर चहाची १५०० वॉटची किटली लावली की सगळं अंधारात. किटली स्वयंपाकघरातल्या १६ अँपिअरच्या पॉइंटवरच. फ्रिज शूटिंगपुरता बंद करताना गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा. घरी जाताना किल्ली काढायला जावंच लागतं आणि फ्रिज सुरू करायचा राहत नाही.

कॅमेरा आणि उजेड

सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५०. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणजे दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतो. शटर १/५० किंवा १/१०० असेल तर ते कॅमेऱ्याला कळत नाही. १/६० किंवा १/१२५ ठेवलंत तर चित्रात सरकते पट्टे येतात. स्वस्त एलईडी बल्ब डिमरवर लावले की तरीही लुकलुकतात. आदल्या दिवशी मोबाइलच्या स्लो-मोशनमध्ये घरातला प्रत्येक दिवा तपासा. लुकलुकणारे बल्ब काढा आणि टेबललॅम्पला जुना ४० वॉटचा तारेचा बल्ब डिमरवर लावा. तो मंद करताना लालसर होत जातो आणि ते इथे हवंच आहे.

अंधार म्हणजे कमी उजेड नव्हे. चेहरा काळा आणि भिंतही काळी असली की प्रेक्षकाला फक्त आपलंच प्रतिबिंब दिसतं. भिंतीवर मंद उजेड टाका, माणूस त्याच्यापुढे गडद ठेवा. चेहऱ्याच्या दोन बाजूंत तीन स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), म्हणजे ८ ला १, पुरेसा आहे. मॉनिटरवर वेव्हफॉर्म (उजेडाची पातळी ० ते १०० मध्ये दाखवणारा आलेख) असेल तर रात्रीच्या दृश्यात त्वचा ३५ ते ४० च्या आसपास आणि मागची भिंत ८-१० वर ठेवा. दारापलीकडचा पॅसेज मात्र खरंच काळा जाऊ द्या. कॅमेऱ्याचा मूळ आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) सोडून वर चढू नका, अंधारातला दाणा संकलनात पूर्ण काढता येत नाही.

फ्रेम बांधताना एक शिस्त पाळा. सुरुवातीला ती आणि घरचे एकाच फ्रेममध्ये, ३५ एमएम लेन्स (आजूबाजूची खोलीही दाखवणारी), कॅमेरा बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर. मोबाइलच्या प्रसंगानंतर ती कुणाबरोबरही एका फ्रेममध्ये येत नाही, ८५ एमएमवर (जवळचा, अरुंद कोन) एकटी. नवऱ्याचा हात फ्रेममध्ये येतो, चेहरा येत नाही. हे प्रेक्षकाला कुणी सांगत नाही, पण त्याला गुदमरल्यासारखं होतं. आणि तिच्यामागे पॅसेजचं दार प्रत्येक शॉटमध्ये उघडं, रिकामं. त्या दारात काही दिसायचं ते पूर्ण चित्रपटात एकदाच.

त्या एकदाच्या शॉटचं माप: नायिका कॅमेऱ्यापासून दीड मीटरवर, आकृती चार मीटरवर, ३५ एमएम लेन्स, छिद्र एफ/२, फोकस नायिकेच्या डोळ्यांवर बांधलेला. आकृती बाईची आहे एवढं कळतं, चेहरा कळत नाही. ऑटोफोकस बंद. नाहीतर कॅमेरा प्रामाणिकपणे भूत ओळखून त्याच्यावर फोकस करतो आणि रात्र वाया जाते.

दीड फूट

आता खरा शॉट. नायिका बाळंतिणीच्या कमी उंचीच्या बाजेवर कुशीवर पडली आहे आणि तिच्या डोळ्यांच्या रेषेत, पलीकडून, दोन पावलं चालत जातात.

संगणकावरची करामत लागत नाही. मांडववाल्याकडून दीड फूट उंचीचा स्टेज मागवा, चाल आठ फूट तरी मिळाली पाहिजे. तो बाजेच्या मागे, भिंतीपासून दोन फूट सोडून लावा. वर सतरंजी दुहेरी घाला म्हणजे स्टेज स्वतः वाजणार नाही, पुढच्या बाजूला काळं कापड. कॅमेरा जमिनीपासून १८ ते २० इंचांवर. पुढे नायिकेचा चेहरा आणि दुलईची कड, त्या कडेने स्टेज झाकला जातो. दुलईखाली एक लोड घालून कड हवी तेवढी उचलता येते. भिंतीतलं दार फ्रेममध्ये आलंच पाहिजे. दाराची कडी माणसाच्या कमरेशी असते हे प्रत्येकाच्या डोळ्यांना ठाऊक असतं. इथे ती चालणारीच्या गुडघ्याशी येते. बाकी काही समजावायला लागत नाही.

बिघडतं कुठे? पहिलं, चालणारी बाई अरुंद स्टेजवर खाली बघत चालते आणि पावलं भित्री पडतात. तिला दहा वेळा डोळे समोर ठेवून चालवा, स्टेजच्या कडेला सुतळी ठोका म्हणजे तळव्याला कड कळते. दुसरं, छताचा पंखा. सव्वापाच फुटांची बाई स्टेजवर पावणेसात फुटांवर जाते. पंखा मेन स्विचवरून बंद करा, तो भाग रेग्युलेटरच्या भरवशावर सोडू नका. तिसरं, घाई. चार पावलांना आठ सेकंद द्या.

ओली पावलं हवी असतील तर टाइल्सवर नुसतं पाणी दिव्यांच्या उष्णतेने बघता बघता सुकतं. पाणी आणि ग्लिसरीन निम्मं-निम्मं करून स्पंजने उमटवा, टिकून राहतं. फक्त ते भयंकर निसरडं असतं. कट म्हटल्याबरोबर साबणाच्या पाण्याने पुसा.

ती जिना उतरते तो क्षण मात्र दाखवू नका. सोफ्यामागे गुडघे वाकवत खाली जाण्याची युक्ती सगळ्यांना सुचते आणि पडद्यावर ती विनोदी दिसते, कारण डोकं हेलकावे खातं. आकृती हॉलच्या मधोमध थांबते, कट, नायिकेचा चेहरा, आणि काकणांचा आवाज हळूहळू फरशीखाली जातो. पार्किंगपर्यंत.

आवाज

खर्चात कपात करायची वेळ आली तर लेन्स स्वस्त घ्या, ध्वनिमुद्रक नको. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. संवादांची उंची उणे १२ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. बूम (काठीवरचा माइक) तोंडापासून दीड ते दोन फुटांवर, वरून. कॉलर माइक साडीत लपवायचा तर सुती साडीच हवी, रेशीम आणि सिंथेटिक दोन्ही कुरकुरतात. माइक पदराला नको, ब्लाउजच्या आतून वैद्यकीय चिकटपट्टीच्या दोन त्रिकोणी घड्यांमध्ये दाबून बसवा.

प्रत्येक खोलीची शांतता वेगळी मुद्रित करा: फ्रिज बंद, माणसं जागच्या जागी, पूर्ण ६० सेकंद. सगळे कंटाळतात, तरी करा. संकलनात संवादांमधली भोकं बुजवायला तीच लागते.

चालण्याचा आवाज असा बनवा. जुन्या लाकडाची चार फुटी फळी दोन विटांवर टाका, अनवाणी पायाने आधी टाच आणि मग बोटं टेकवा, माइक फळीच्या खालून वीतभर अंतरावर. वेग संगणकात १५ टक्के उतरवा. आता हेच मुद्रण दोनदा वापरायचं. पहिल्या भागात ५०० हर्ट्झच्या वरचं सगळं कापा. स्लॅबमधून आल्यासारखा बोदा आवाज येतो आणि नणंदेचं "वरच्यांचा पलंग" पटतं. सातव्या मिनिटानंतर कापाकापी काढून टाका आणि त्या खोलीचा किंचित घुमारा द्या. पावलं तीच, पण आता खोलीत. प्रेक्षकाला फरक सांगता येत नाही, मान मात्र वळते.

काकणं काचेचीच, दोन्ही हातांत मिळून एक डझन. बांगड्या जास्त घातल्या की लग्नघर वाटतं.

खूप खालच्या स्वरांनी माणसाला भीती वाटते, असं बरेच जण सांगतात. त्यामागे एक खरी हकिकत आहे. व्हिक टँडी या इंग्लंडमधल्या अभियंत्याने आपल्या प्रयोगशाळेत जाणवणाऱ्या 'भुताचा' माग एका पंख्याच्या सुमारे १९ हर्ट्झच्या कंपनापर्यंत नेला आणि १९९८ मध्ये ते प्रसिद्ध केलं. कथा म्हणून छान आहे, तुमच्या कामाची नाही. पंधरा मिनिटांचा चित्रपट लोक मोबाइलवर पाहतात आणि मोबाइलच्या स्पीकरमधून १०० हर्ट्झखालचं जवळजवळ काहीच बाहेर पडत नाही. गुरगुर हवी तर ती १२० ते २०० हर्ट्झमध्ये बांधा. त्याहून परिणामकारक म्हणजे वजाबाकी. घटनेच्या सहा सेकंद आधी पार्श्वभूमीतली रस्त्याची घरघर हळूच काढून घ्या. कान टवकारतात.

धुरीचा प्रसंग आणि नटी

सेटवर खरी मिरची जाळू नका, कुणाचाच घसा उरलेल्या रात्रीला पुरणार नाही. धुपाटण्यात ऊद, धुराच्या मागून दिवा, आणि निखाऱ्यावर पडणाऱ्या मिरच्यांचा क्लोजअप वेगळा, गच्चीत. साडी सुती, अग्निशामक हाताच्या अंतरावर, एक खिडकी कॅमेऱ्याच्या मागे उघडी. बाळ कुठल्याच प्रसंगात खरं नको. तीन किलो तांदूळ दुपट्यात बांधून बाहुलीला जोडले की उचलताना हाताला खरं वजन येतं आणि नटीचे खांदे आपोआप बरोबर पडतात. रडणं वेगळं मुद्रित करा.

नटीला खरोखर घाबरवून "अस्सल" भाव काढायची फुशारकी मारणारे दिग्दर्शक भेटतात. तसा भाव एकदाच येतो, दुसऱ्या कोनातून घ्यायला उरत नाही, आणि माणूस तुटतो ते वेगळंच. त्याऐवजी थांबण्याचा शब्द ठरवा. "थांबा", "सोडा", "नको" हे शब्द संवादातच आहेत, म्हणून ते चालत नाहीत. "कोथिंबीर" चालतो. तो उच्चारला की दिवे लागतात, प्रश्न नंतर.

संकलन आणि पहिला खेळ

पहिल्या कच्च्या जोडणीत संगीत अजिबात टाकू नका. घटना घडल्यावर लगेच नायिकेचा चेहरा न दाखवता दीड-दोन सेकंद रिकाम्या जागेवरच थांबा. आणि प्रत्येक घटनेनंतर, न मानणाऱ्या माणसाचा चेहरा बोलायच्या आधीपासून धरा. त्याने काय ठरवलं हे तोंड उघडण्यापूर्वी दिसतं. दचकवणारा आवाज फार तर एक, आणि तो आजूबाजूपेक्षा १० डेसिबलहून वर नको. यूट्यूब आवाजाची सरासरी उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं एकक) वर गेली की सगळाच चित्रपट खाली ओढतं, मग कुजबुज ऐकू येत नाही. शिखर उणे १ डेसिबलवर थांबवा.

मुद्दाम ठेवलेल्या सातत्याच्या चुका (सरकलेली खुर्ची, उलटा टांगलेला फोटो) तीनच असू द्या आणि कंटिन्यूइटी शीटवर लाल शाईने लिहा. नाहीतर कामसू संकलक त्या दुरुस्त करून टाकतो.

चित्रपटगृहात सार्वजनिक खेळ करायचा तर १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं. २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूए वर्गात (पालकांच्या देखरेखीखाली पाहायचे चित्रपट) ७, १३ आणि १६ वर्षांचे तीन टप्पे आहेत, अर्ज करताना धुरीचा प्रसंग लक्षात ठेवा.

त्याआधी संहिता न वाचलेल्या पाच जणांना बोलवा. मित्रमंडळ नको, ते कौतुक करतात. एक कॉलेजातलं पोरगं, एक साठीपुढच्या बाई, एखादी नुकतीच आई झालेली (तिला विषय आधी सांगून, तिची तयारी असेल तरच). आठव्या मिनिटाला चित्रपट थांबवा आणि एकच प्रश्न कागदावर लिहून घ्या: ती खरं सांगतेय का? पाचही जण हो म्हणाले तर तक्त्यातली चौथी घटना फार उघडी आहे, आकृतीचे दोन सेकंद कापा. पाचही नाही म्हणाले तर बंद फ्लॅटच्या किल्लीचं वाक्य ऐकू आलेलं नाही, ते मोकळ्या जागेत आणा. तीन-दोन अशी विभागणी झाली की पुढे चालवा. शेवट झाल्यावर साठीच्या बाईंना वेगळं विचारा, सासूने पाऊल कुठे उचललं होतं. त्यांना आठवत असेल तर तो शॉट दोन फ्रेमही वाढवू नका.